ओहोटीची वाट पाहणारें नगर

मृग जवळ आला कीं कोंकणांतील गृहस्थ प्रथम कौलें चाळवीत असे व मग परसांतील चर मोकळा करीत असे. हल्लीं आपण सदनिकांत राहतों. कौलें गेलीं, चरही गेला, आणि पावसाच्या पाण्याची विवंचना आपण नगरसंस्थेवर सोंपविली. हें कितपत युक्त झालें, याचा विचार खांदेश्वरच्या निमित्तानें करूं.

हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचें स्थानक तें खांदेश्वर. माथेरानच्या बाजूच्या डोंगरांतून येणारी गाढी नदी या परिसरांतूनच खाडीकडे जाते. मूळचा हा मुलूख भातखाचरांचा व खाजणांचा. 1970 सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें अशा सखल भूमीवर नगर वसवितांना हॉलंड देशांतील युक्ति योजिली. वस्तीचें पाणी नाल्यांवाटे धारण-तलावांत यावें. भरती आली कीं खाडीच्या दाबानें तलावाचीं दारें मिटावीं. ओहोटी लागतांच तीं उघडून सांठलेलें पाणी निघून जावें. दारें मिटलेलीं असतांना पडेल तेवढा पाऊस तलावाच्या पोटांत मावला पाहिजे, हें या योजनेचें मर्म होय.

तेंच पोट आज आकसलें आहे. नवी मुंबईंतील अनेक धारण-तलाव गाळानें भरले व त्या गाळांत तिवरांचें रान माजलें. तिवरें तोडण्यास उच्च न्यायालयानें 2005 सालींच बंदी केली आहे. आणि ती योग्यच आहे, कारण तिवरें किनाऱ्याचें रक्षण करितात. परंतु वेळच्या वेळीं गाळ काढला असता, तर हा पेंच पडलाच नसता. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस झाला व पनवेलकडेही हाहाकार उडाला, हें विसरून कसें चालेल?

त्यानंतर भूमीचें रूप आणखी पालटलें. 8 ऑक्टोबर 2025 रोजीं उद्घाटन झालेल्या विमानतळासाठीं उलवे टेकडी कापली गेली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला. विकास हवाच, पण भराव पडला कीं तेथें पूर्वीं मुरणारें पाणी शेजाऱ्याच्या दारीं जातें.

कारभाराची गोष्टही पाहण्यासारखी आहे. वसाहती बांधल्या सिडकोनें; पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली 1 ऑक्टोबर 2016 रोजीं. भाऊ विभक्त झाले म्हणजे भांडींकुंडीं वांटलीं जातात, परंतु सामाईक मोरी कोणीं उपसावी याचा निकाल मात्र लागत नाहीं. दोन संस्थांच्या मध्यें नाल्यांची अशी गत होऊं देणें कोणासच परवडणारें नाहीं.

मग आपण काय करावें? घरांत पंचांग असतेंच. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची घटका अजमासें कळते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या आसपास. त्या वेळीं मुसळधार लागली, तर मुलांस व वृद्धांस बाहेर धाडूं नये आणि तळमजल्यावरील सामान वर उचलावें. हें झालें घरापुरतें. नागरिक म्हणून चैत्र-वैशाखांतच सोसायटीच्या वतीनें लेखी विचारावें: आमचा नाला कोणत्या तलावास मिळतो? त्याचा गाळ केव्हां काढला? दारें व पंप चालतात काय? उत्तर येईपर्यंत पुन्हां विचारावें. श्रावणांत गुडघाभर पाण्यांत उभें राहून केलेल्या ओरडीपेक्षां वैशाखांतील एक अर्ज अधिक उपयोगी पडतो.