गाणं त्यांचं, पण जागा कुणाची?

मे महिना म्हटला की आपल्या घराघरांत काय असतं? गच्चीवर कुरडया-पापड, माळ्यावरून उतरलेल्या लोणच्याच्या बरण्या, आंब्याची पेटी आणि 'सुट्टीत मुलांना कुठे अडकवायचं' हा दरवर्षीचा प्रश्न! आमच्या डोंबिवलीच्या घरात २०२४ च्या उन्हाळ्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडली. रॉक! एकवीस वर्षांच्या माझ्या लेकीने परीक्षा संपल्याबरोबर एक वही केली आणि जाहीर करून टाकलं, की या सुट्टीत मुंबईतल्या बँडचे जमतील तेवढे कार्यक्रम ऐकायचे. परदेशी बँड नाहीत, सिनेमातली गाणी नाहीत. इथल्याच मुलामुलींनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी. वहीत रकाने आखलेले: तारीख, जागा, बँड, तिकीट, परतीची लोकल आणि शेवटी शेरा. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत त्या वहीत अकरा कार्यक्रमांची नोंद झाली. त्यातल्या चार कार्यक्रमांना मीही जाऊन बसले. म्हणजे उभी राहिले, कारण तिथे बसायची पद्धतच नाही!

या गाण्यांना ही मुलं 'इंडी' म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठी म्युझिक कंपनी नाही, निर्माता नाही, हिरो-हिरॉइन नाहीत. तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोलीत सराव करायचा, आपल्याच पैशांनी गाणं रेकॉर्ड करायचं आणि कार्यक्रमाच्या दारात टी-शर्ट विकून थोडा खर्च भरून काढायचा. आपल्याला हे समजायला जड नाही. नाटकात जे 'प्रायोगिक', तेच गाण्यात 'इंडी'. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने नव्या नाटकांना जागा करून दिली, ते आठवा. सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. शाळेचा साधा हॉल, परवडणारं भाडं आणि समोर ऐकून घ्यायला तयार असलेली पन्नास-शंभर माणसं. एवढ्या भांडवलावर मराठी रंगभूमीची एक पिढी उभी राहिली. आधी जागा मिळाली, मग चळवळ झाली!

रॉकवाल्यांनाही मुंबईत अशी एक जागा होती. धोबी तलावाचं रंगभवन. वर आकाश आणि समोर रंगमंच. १९७८ ची पहिली 'जॅझ यात्रा' तिथेच झाली. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' तिथे गाजू लागला. पोरं त्याला लाडाने 'आय-रॉक' म्हणत. कॉलेजच्या मुलांचे बँड तिथे ओळीने वाजवत. बहुतेक सगळे इंग्लंड-अमेरिकेतली गाजलेली गाणी वाजवत असताना 'रॉक मशीन'ने स्वतःची गाणी लिहायचं धाडस केलं. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. मी १९९८ साली एस.वाय.बी.ए.ला असताना मैत्रिणींबरोबर रंगभवनात गेले होते. काळ्या टी-शर्टांच्या त्या समुद्रात आम्ही तिघी सलवार-कमीजमध्ये! पण कुणी वावगं बोललं नाही. तिकीट आमच्या पॉकेटमनीत बसलं होतं आणि दारात कुणी वय विचारलं नव्हतं. ही शेवटची दोन वाक्यं लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिथेच येऊन थांबतं.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी.टी. हॉस्पिटल. पुढच्या काही वर्षांतच रंगभवनातलं रॉक थांबलं. मला यात कुणालाही दोष द्यायचा नाही. कामा हॉस्पिटलमधल्या बाळंतिणींना आणि त्यांच्या तान्ह्यांना झोप हवीच. वस्तीतल्या कामामुळे रात्री-बेरात्री तिथल्या वॉर्डात मी बसलेली आहे, स्पीकरच्या धडधडीने दचकणारी बाळं पाहिलेली आहेत. नियम योग्यच होता. पण एक जागा बंद करताना दुसरी कुठे देणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. गाणं काही थांबत नसतं. ते मिळेल तिथे जातं.

ते गेलं बारमध्ये. २००७ च्या डिसेंबरात लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. १९८२ च्या संपानंतर जिथले भोंगे एकेक करून गप्प झाले, त्या गिरणगावातल्या गिरणीच्या शेडमध्ये गिटारी वाजू लागल्या. जागा उत्तम होती, आवाजाची व्यवस्था उत्तम होती, देशभरातले बँड तिथे वाजवून गेले. २०१६ मध्ये ते बंद पडलं. त्याच्या आगेमागे अशी बरीच ठिकाणं निघाली, काही टिकली, काही गेली. पण सगळ्यांचं गणित एकच. तिकिटाच्या पैशात भाडं, वीज, साउंड, कामगार काहीच भागत नाही. भागतं ते बारच्या गल्ल्यावर. म्हणजे स्टेजवरच्या मुलाच्या गाण्याचा खर्च समोरच्या ग्लासातून निघतो! आणि जिथे ग्लास आहे तिथे वयाची अट आली. आपल्याकडे बिअर-वाइनसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकवीसच्या खालच्यांना दारातूनच परत पाठवतात, मग ते नुसतं लिंबूपाणी पिणार असले तरी.

हे बंधन किती घट्ट आहे, ते त्याच उन्हाळ्यात दिसलं. २० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. त्याआधीचा शनिवार-रविवार 'ड्राय डे'त गेला आणि लेकीच्या वहीतला एक कार्यक्रम पुढे ढकलला गेला. "अगं, गाण्याला कुठे मनाई आहे?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, बार बंद तर गाणं बंद." मतदानामुळे दारू बंद हे समजतं. पण त्यामुळे गाणंही बंद?

आता तुम्ही विचाराल, तिथे वातावरण कसं असतं? मुलीला पाठवावं का? मी पाहिलं ते सांगते. अंधार असतो, आवाज भयंकर असतो. ड्रमचा ठोका कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी शंभर डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. तेव्हा केमिस्टकडे मिळणारे फोमचे बोळे कानात घालूनच जावं. मी घातले, लेकीलाही घालायला लावले. स्टेजपुढे मुलं उड्या मारतात, एकमेकांना धक्के देतात. पण कुणी पडलं तर चार हात लगेच उचलायला येतात. गाणी काही इंग्रजी, काही हिंदी. एका मुलाने पी.जी.तल्या एकटेपणावर म्हटलेल्या गाण्याने माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रात्री परत येताना आम्ही लोअर परळहून करी रोडला चालत जायचो आणि तिथून लोकल. महिलांच्या डब्यात रात्री पोलीस असतो, तरी घरी सगळ्यांचा जीव टांगणीला असतोच. एकट्या मुलीने ही वाट रोज करावी असं मी म्हणणार नाही. कार्यक्रम संध्याकाळी पाचला का होऊ नयेत, असं मात्र नक्की म्हणेन.

या उन्हाळ्यात मला लागून राहिली ती मात्र वेगळीच मुलगी. आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत येते. वय अठरा. वडील रिक्षा चालवतात, आई पोळ्या करून देते. ही गणपतीच्या ढोलपथकात ताशा वाजवायची. हात इतका स्वच्छ, की कुणीतरी तिला ड्रमवर बसवलं आणि तिला तिचं वाद्य सापडलं! तिघांचा छोटासा बँड झाला. स्वतःची पाच गाणी झाली, त्यातली दोन मराठी. मे महिन्यात एका ठिकाणी त्यांना संधी मिळाली. पाच बँडमधला त्यांचा दुसरा नंबर, वीस मिनिटं. आईने नवा कुर्ता शिवला. दारावर आधार कार्ड मागितलं आणि एकवीसच्या आत म्हणून तिला थांबवलं. "मी ऐकायला नाही, वाजवायला आलेय," ती सांगत राहिली. दारावरचा माणूस वाईट नव्हता, त्याला लायसन्सची भीती होती. शेवटी तिच्या जागी दुसऱ्या बँडचा मुलगा ड्रमवर बसला. तिने बसवलेली गाणी तिने बाहेर पायरीवर बसून ऐकली.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "काकू, ढोलपथकात कुणी वय नाही विचारलं हो कधी."

मैत्रिणींनो, मुलींच्या हातातून वाद्य काढून घ्यायला दर वेळी धमकीच लागते असं नाही. धमकीचीही उदाहरणं आहेतच. श्रीनगरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला होता. प्रगाश म्हणजे प्रकाश. डिसेंबर २०१२ मध्ये त्या एका स्पर्धेत वाजवल्या, बक्षीसही मिळालं. फेब्रुवारी २०१३ पर्यंत इंटरनेटवरच्या धमक्या आणि मुफ्तींचा फतवा यांमुळे त्यांना बँड बंद करावा लागला. आपल्याकडे तसं कुणी काही म्हणत नाही. आपल्याकडे वेळ रात्रीची असते, जागा बारची असते, तिकीट पाचशेचं असतं आणि घरी परत यायला उशीर होतो. मग आई म्हणते, "नको गं बाई, जाऊ दे." आणि वाद्य कोपऱ्यात जातं. फतव्याची गरजच पडत नाही!

याला पर्याय आहे का? आहे. वॉशिंग्टन शहरात फोर्ट रीनो नावाची एक बाग आहे. तिथे १९६८ पासून कितीतरी उन्हाळे गावातल्याच बँडचे कार्यक्रम होत आले. संध्याकाळची वेळ, तिकीट नाही, दारू नाही. गवतावर चटया टाकून आजी-आजोबांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे. त्याच शहरातला 'फुगाझी' हा १९८७ मध्ये सुरू झालेला नावाजलेला बँड तिथे अनेकदा वाजवला. त्यांचा नेम असा, की तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या वर नको आणि कुठल्याही वयाच्या माणसाला दार बंद नको. 'बिकिनी किल' या बँडची गायिका कॅथलीन हॅना नव्वदच्या दशकात गाणं सुरू करण्याआधी मुलींना पुढे बोलवायची, मुलांना मागे सरकायला सांगायची. म्हणजे धक्काबुक्कीत मुलींचा कोपरा होऊ नये. फोर्ट रीनोलाही विघ्नं आली. २०१४ मध्ये बंदोबस्ताच्या खर्चावरून तो उन्हाळा जवळजवळ रद्द झाला होता. लोकांनी आवाज उठवला आणि कार्यक्रम झाले.

आपल्यालाही हे नवं नाही. २०१२ पासून मुंबईत 'कंट्रोल ऑल्ट डिलीट' या नावाने रसिकांच्याच पैशांतून रॉकचे कार्यक्रम झाले. म्हणजे वर्गणीच की! ज्या राज्यात वर्गणीवर दहा-दहा दिवसांचे उत्सव होतात, तिथे एका संध्याकाळचं गाणं जड आहे का?

जूनमध्ये आमच्या महिला मंडळाने एक करून पाहिलं. मंडळाचा हॉल एरवी भिशी, हळदीकुंकू आणि योगासनांना असतो. तो एका रविवारी दुपारी चार ते सात मुलांना दिला. तिकीट पन्नास रुपये, वयाची अट नाही, प्यायला कोकम सरबत. दारं-खिडक्या बंद ठेवून आवाज बेताचा ठेवला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना आधी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सातला संपतंय ना? मग वाजवू देत." तीन बँड आले, सत्तर-ऐंशी माणसं आली. त्या मुलीने पाचही गाणी वाजवली. तिची आई पहिल्या रांगेत कानांवर हात ठेवून बसली होती, पण नजर लेकीच्या हातांवरून हलत नव्हती. हिशोब लागला तेव्हा बँडना देऊन मंडळाच्या पेटीत सहाशे रुपये उरले!

सोसायटीचा हॉल, शाळेचं सभागृह, वाचनालयाची वरची खोली. सुट्टीत यातल्या कितीतरी जागा दुपारभर कुलूपबंद असतात. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा. दुपारची वेळ, कमी तिकीट, बंद दारं आणि शेजाऱ्यांना आधी सूचना, एवढंच सांभाळायचं. किल्ली बहुतेक आपल्याच कुणाच्या तरी घरी असते. ती तेवढी काढून द्या.