जुनी जत्रा, नवा नवस

घसा दुखतोय म्हणून आई लेकीला 'आ' करायला सांगते आणि तिच्या तोंडात जिवंत बेडूक धरते. समोर उभा असलेला पोलीस सार्जंट बघतच राहतो. दुकान नेहमीसारखं, खाऊने भरलेलं. 'द विकर मॅन'मधल्या या छोट्याशा प्रसंगात किंकाळी नाही की रक्ताचा थेंब नाही. पण तो पाहिल्यावर त्या बेटावरचं काहीच सरळ वाटेनासं होतं.

रॉबिन हार्डी यांनी दिग्दर्शित केलेला आणि अँथनी शॅफर यांनी लिहिलेला हा ब्रिटिश चित्रपट १९७३चा. हरवलेल्या मुलीच्या तपासासाठी सार्जंट हॉवी समरआइल बेटावर येतो. माणूस देवभीरू ख्रिस्ती, वाङ्निश्चय झालेला, लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळणारा. बेटावर मात्र चर्च ओस पडलंय आणि लोक पुन्हा सूर्याला, फळबागांच्या देवतेला भजू लागलेत. गेल्या हंगामात सफरचंदाचं पीक बुडालंय, तेव्हा यंदा मोठा बळी द्यायला हवा. हरवलेली मुलगी हे आमिष होतं. काटक्या विणून केलेल्या अवाढव्य पुतळ्यात कोंडून जिवंत जाळतात ते हॉवीलाच.

अशा चित्रपटांना आज 'फोक हॉरर' म्हणतात. त्यांत भुताची गरज पडत नाही. आडबाजूचं गाव, तिथली माती, तिथली श्रद्धा आणि बाहेरून आलेला पाहुणा एवढं पुरतं. अख्ख्या गावाला एक गोष्ट पटलेली असते, न पटणारे आपण एकटेच असतो, आणि गावकरी तर हसतमुख. ही भीती भर दुपारी उन्हात वाटते.

'द विकर मॅन'मधल्या उन्हाची एक गंमत आहे. गोष्ट मे महिन्याच्या तोंडावरची, पण शूटिंग झालं १९७२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, स्कॉटलंडच्या गारठ्यात. निष्पर्ण फांद्यांना खोटा मोहोर चिकटवला होता. बोलताना तोंडातून वाफ निघताना दिसू नये म्हणून नटांनी तोंडात बर्फाचे खडे धरले होते. हे कळल्यापासून मला तो वसंत जास्तच अस्वस्थ करतो. ब्रिटनमध्ये चित्रपट कापून-छाटून, 'डोंट लुक नाऊ'च्या जोडीला दुसरा खेळ म्हणून लावला गेला. त्याला मान मिळाला तो बऱ्याच वर्षांनी.

मग २००६ साली अमेरिकेत त्याचा रिमेक आला. दिग्दर्शक नील लब्यूट, नायक निकोलस केज. बेट वॉशिंग्टन राज्याजवळ आलं, सफरचंदाच्या जागी मध आला, बेटावर राज्य करणाऱ्या लॉर्डच्या जागी बायकांच्या राज्याची प्रमुख आली. इथवर तक्रार नाही. गाव बदललं की पीक बदलणारच. खरी चूक नायकात झाली. हॉवीची श्रद्धा काढून टाकली आणि त्याऐवजी त्याला मधमाश्यांची ॲलर्जी आणि जुन्या अपघाताचा सल दिला. मूळ चित्रपटाच्या शेवटी पुतळा पेटतो तेव्हा बाहेर गावकरी हातात हात घालून, डोलत गात असतात आणि आत हॉवी आपल्या देवाचा धावा करत असतो. दोन्हीकडची श्रद्धा शंभर नंबरी, म्हणून अंगावर काटा येतो. रिमेकमधल्या नायकाकडे धावा करायला कुणीच नाही. अस्वलाचं सोंग घेऊन तो धावतो, बाईला ठोसा मारतो, आणि थिएटरात लोक हसतात.

आजचा प्रेक्षक पूर्वीइतका चर्चला जात नाही, असा लब्यूट यांचा होरा असेल तर तो चुकीचा नव्हता. पण हॉवी १९७३च्या प्रेक्षकाच्या ओळखीचा होता. त्याच्या घरात, शेजारात तसा माणूस होता. मग आजच्या प्रेक्षकाच्या मनात श्रद्धेच्या त्या जागी काय आहे, हे शोधायला हवं होतं.

ते शोधलं आरी आस्टर यांनी, २०१९च्या 'मिडसोमार'मध्ये. हा रिमेक नव्हे, पण साचा तोच: स्वीडनमधला आडवळणाचा समाज, उन्हाळी उत्सव, बाहेरून आलेली तरुण मंडळी. नायिका डॅनीचे आई-वडील आणि बहीण एकाच रात्री गेलेत, आणि जवळ असलेला मित्र मनाने केव्हाच लांब गेलाय. एका प्रसंगात ती हंबरडा फोडते तेव्हा गावातल्या बायका तिच्याभोवती गुडघे टेकून बसतात आणि तिच्या श्वासाला श्वास लावून तिच्याइतक्याच मोठ्याने रडतात. आपल्या दुःखात सोबत रडणारं माणूस आजच्या किती जणांना मिळतं? प्रेक्षकाचा नवस इथे बोलला गेलाय. त्या मित्राचं नाव क्रिश्चन. शेवटी त्याला अस्वलाच्या कातड्यात घालून जाळतात, आणि या वेळी अस्वल पाहून कुणी हसत नाही.

आपल्याकडे विशाल फुरिया यांनी स्वतःच्याच मराठी 'लपाछपी'चा २०२१मध्ये हिंदीत 'छोरी' केला. भाषा बदलली, कलाकार बदलले, उसाचा फड तसाच राहिला. वंशाला मुलगाच हवा, ही गावाची श्रद्धा नव्या प्रेक्षकासाठी उलगडून सांगावी लागली नाही, कारण ती अजून जिवंत आहे. याचं समाधान कसं मानायचं?

'विकर मॅन' पुन्हा कुणी करायला घेतला, तर एक धागा अजून कुणी नीट ओढलेला नाही. समरआइलचा धर्म तिथे पूर्वापार चालत आलेला नव्हता. ख्रिस्तोफर ली यांनी साकारलेला लॉर्ड स्वतःच सांगतो: १८६८मध्ये त्याच्या शास्त्रज्ञ आजोबांनी ते ओसाड बेट विकत घेतलं, तिथे तग धरतील अशी सफरचंदाची वाणं काढली, आणि मरगळलेल्या लोकांना कामाला लावण्यासाठी त्यांचे विसरलेले देव परत आणले. म्हणजे बागेबरोबर श्रद्धेचीही लागवड मालकाने केली. बाहेरचा पाहुणा आणि भोळं गाव एवढ्यावर थांबलेल्या नकलांना हा मालक दिसलेलाच नाही.

हॉवीला मात्र तो दिसतो. पुतळ्याकडे नेण्याआधी तो लॉर्डला लोकांसमक्ष बजावतो, की यंदाही पीक आलं नाही तर पुढच्या वर्षी हे लोक तुलाच जाळतील. पीक येणारच, असं लॉर्ड चढ्या आवाजात म्हणतो. गावकरी दोघांकडे बघत शांतपणे उभे असतात.