किहीमचे ते किहीमकर

पेणकर, रोहेकर, चौलकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर, दिवेकर. ही आडनावे कानावर पडली की कोकणातली गावे डोळ्यांपुढे येतात, यहुदी धर्म सहसा येत नाही. पण बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या घराला ज्या रीतीने 'वळकर' म्हणतील, त्याच रीतीने किहीमचे यहुदी किहीमकर झाले.

समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार पाळायचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद असे, त्यावरून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घाण्यामागे कुटुंबे गावोगाव पांगली आणि त्या त्या गावाचे नाव त्यांना चिकटले. प्रार्थनेत मात्र आडनावाला जागा नव्हती. तिथे अमक्याचा मुलगा अमका एवढेच पुरे.

समाजी हसाजी दिवेकर हे एकच नाव नीट पाहावे. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल आणि दिवे हे गाव. बायबलमधली दोन नावे मराठी 'जी' लावून घरची झाली, शेवटी गाव आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या या दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. तेथील मशीद बंदर हे नाव त्याच सिनेगॉगवरून पडले, असे मानले जाते.

दिवेकर चित्पावनांतही आहेत. 'कर' गाव सांगतो, जात किंवा धर्म नव्हे. म्हणून केवळ आडनावावरून यहुदी ओळखता येत नाही. कोहेन आणि लेवी ही जगभरच्या यहुद्यांत पसरलेली पुरोहित घराण्यांची नावे या समाजात परंपरेने नाहीत. बगदादहून आलेल्या ससून वगैरे घराण्यांच्या नावांतही कोकण सापडत नाही. युरोपात ऑस्ट्रियाच्या सम्राटाने 1787 मध्ये यहुद्यांना कायम आडनाव घ्यायला लावले. तिथल्या 'बर्लिनर'मधला 'अर' आपल्या 'कर'चेच काम करतो. कोकणात मात्र असे फर्मान लागले नाही.

मुंबईतल्या शाळा-कचेऱ्यांत पुढे समाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला. बऱ्याच घरांत बापाचे किंवा आजोबांचे नावच आडनावाच्या जागी बसले आणि गाव मागे पडले. 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचाची भूमिका गाजवणारे डेव्हिड हे मूळचे डेव्हिड अब्राहम चौलकर. पडद्यावर एकटे 'डेव्हिड' उरले. हे नुकसानच आहे, कारण घराण्याचा मूळ पत्ता सांगणारा शब्द त्यात गळून पडतो. इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी तो जपला. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या या माणसाच्या नावातच किहीम आहे.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. महाराष्ट्रात उरलेल्यांपैकी बरेच जण मुंबई-ठाण्यात राहतात. ठाण्याचे सिनेगॉग 1879 चे आहे. इस्रायलमध्ये काहींनी हिब्रू आडनावे घेतली, तरी पेणकर आणि रोहेकर तिथेही आहेत. ज्यांच्या घरात 'कर' गळून गेला असेल, त्यांनी वडीलधारी माणसे आहेत तोवर गावाचे नाव विचारून लिहून ठेवावे.