एक गुण जास्त, तरी हार

हमरिया फ्री झोनमधून एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शारजा शहराच्या उत्तरेला, समुद्राला लागून असलेलं हे औद्योगिक क्षेत्र १९९५ साली सुरू झालं. तेलाच्या टाक्या, बोटींची कामं, लोखंडी सांगाड्यांची फॅब्रिकेशन यार्ड्स. हा श्रोता अशाच एका यार्डात वेल्डिंग तपासायचं काम करतो. प्रश्न असा: "२०२५ च्या फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये सिनरने अल्काराझपेक्षा एक गुण जास्त मिळवला, असं आकडेवारीत दिसलं. मग तो हरला कसा? आणि हरलेल्याने जास्त गुण मिळवले असतील तर चांगलं खेळलं कोण?" रेकॉर्डिंगमध्ये आम्ही यावर दीड मिनिट बोललो आणि पुढे सरकलो. प्रश्न त्याहून मोठा होता, म्हणून हा लेख.

आधी सामना आठवू या. ८ जून २०२५, रविवार. पॅरिसमध्ये दुपारी तीन, म्हणजे आखातात संध्याकाळी पाचला खेळ सुरू झाला आणि संपला तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा उलटून गेले होते. गावाकडे तर तारीख बदलली होती. कार्लोस अल्काराझने यानिक सिनरला ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६ असं हरवलं. पाच तास एकोणतीस मिनिटं. या स्पर्धेच्या इतिहासातली ही सगळ्यात लांबलेली फायनल. गुणांची बेरीज: सिनर १९३, अल्काराझ १९२.

गेम मोजले तर अल्काराझचे ३०, सिनरचे २९. म्हणजे गेमच्या हिशोबात अल्काराझ एकने पुढे, गुणांच्या हिशोबात सिनर एकने पुढे. आता एक छोटी वजाबाकी करा. पाचव्या सेटचा टायब्रेक दहा गुणांचा होता आणि तो अल्काराझने १०-२ जिंकला. ते बारा गुण बाजूला काढले तर त्याआधीची बेरीज येते सिनर १९१, अल्काराझ १८२. शेवटचा टायब्रेक सुरू झाला तेव्हा सिनर तब्बल नऊ गुणांनी पुढे होता. आणि फलकावर? दोन-दोन सेट, पाचव्यात सहा-सहा. पूर्ण बरोबरी!

टेनिसची गुणपद्धत पायऱ्यांची आहे. गुणांचे गेम होतात, गेमचे सेट, सेटचा सामना, आणि प्रत्येक पायरीवर मागचं उरलंसुरलं पुसलं जातं. ४०-० ने जिंकलेला गेम आणि सात ड्यूसनंतर जिंकलेला गेम, दोन्ही एकच. क्रिकेटमध्ये दहाव्या षटकातली धाव चाळिसाव्या षटकातही खात्यात असते. टेनिसमध्ये ती नसते. म्हणून एकूण गुणांची बेरीज ही 'कोण चांगलं खेळलं' याचं उत्तर नाही. कोण साधारण किती वेळा वरचढ ठरलं, एवढंच ती सांगते.

वेल्डिंग तपासणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. हजारातले नऊशे नव्वद जॉइंट पास झाले, हा आकडा कागदावर छान दिसतो. पण नापास झालेले दहा कुठले? जिन्याच्या कठड्याचे, की ज्यावर सगळ्या सांगाड्याचा भार येतो त्या खांबाचे? तपासणीचा अर्धा अर्थ आकड्यात असतो आणि अर्धा जागेत. टेनिसच्या आकडेवारीचंही असंच आहे, आणि मातीच्या कोर्टवर तर जास्तच. कारण तिथे एक एक गुण कष्टाने उभा करावा लागतो.

'माती' म्हणतो खरं, पण रोलाँ गॅरोसची लाल माती ही माती नाहीच. भाजलेल्या विटांचा तो चुरा असतो आणि त्याचा थर फक्त एक ते दोन मिलिमीटर जाड. खाली चुनखडीच्या दगडाचा दाबलेला चुरा, त्याखाली जळालेल्या कोळशाचे खडे, मग खडी. आपल्या तालमीतली लाल माती वेगळी. ती खरीखुरी माती, तीत ताक, तेल, हळद मिसळून मऊ केलेली, पैलवानाला पडताना झेलणारी. तरी एक धागा दोन्हीकडे सारखा आहे. पृष्ठभाग बदलला की डावपेच बदलतात. मातीत तयार झालेल्या खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर खेळावं लागलं. तिथे ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. मधली चार वर्षं त्यांनी ताकद वाढवण्यात घालवली असतील तितकीच ती नवा पृष्ठभाग समजून घेण्यातही गेली असणार, असं मला वाटतं.

विटांच्या चुऱ्यावर चेंडू टप्पा घेतो तेव्हा त्याचं घर्षण जास्त होतं. पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि चेंडू उंच उसळतो. गवतावर जी सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटला न लागता निघून जाते, तीच इथे परत येते. जो फटका सिमेंटच्या कोर्टवर गुण संपवतो, तो इथे फक्त गुण सुरू करतो. हवेचाही परिणाम होतो. ऊन कडक असेल तर कोर्ट कोरडं होतं आणि चेंडू जरा पळतो. दमट किंवा ढगाळ हवेत चेंडूच्या लोकरीला ओलसर चुरा चिकटतो, तो जड होतो, रॅली लांबतात. जूनमध्ये हमरियाच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं उभे राहिलेल्याला दमटपणा म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

मग अशा कोर्टवर बघायचं काय? माझं मत असं की चेंडू कमी बघा, पाय जास्त बघा.

सिनरची पद्धत सरळ आहे. बेसलाइनला चिकटून राहायचं, चेंडू उसळून वर यायच्या आत मारायचा, आणि दोन्ही बाजूंनी इतका सपाट आणि खोल मारायचा की समोरच्याला विचार करायला वेळच मिळू नये. ही खरं तर वेगवान कोर्टवरची विद्या. ती मातीवर चालवणं कठीण, कारण टप्पे उंच आणि थोडे अनियमित येतात. सिनरने ती इतकी चालवली की फायनलपर्यंत त्याने स्पर्धेत एकही सेट गमावला नव्हता, आणि फायनलचेही पहिले दोन सेट त्याचेच होते. अल्काराझ या दोन सेटमध्ये अनेकदा मागे रेटला गेलेला दिसत होता.

अल्काराझचं उत्तर एका फटक्यात सापडणार नाही. तो उंची बदलतो, वेग बदलतो, जागा बदलतो. जोरदार टॉपस्पिनचा फोरहँड खांद्याच्या वर उसळवतो, मग अचानक नेटपलीकडे हलकेच चेंडू टाकतो, मग स्वतः नेटवर येतो. त्यातल्या ड्रॉप शॉटबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. हायलाइट्समध्ये तो 'कलाकारी' म्हणून दाखवतात. पण तो हिशोबाचा फटका आहे. तो फसला तर एक गुण गेला. पण फसला तरी समोरच्याच्या डोक्यात शंका ठेवून जातो: परत टाकेल का? ती शंका पायांत उतरते. पुढच्या रॅलीत तो अर्धा पाऊल पुढे उभा राहतो, आणि मग तोच खोल, उंच फोरहँड त्याला अडचणीत टाकतो. म्हणजे त्या फटक्याची किंमत त्या गुणात वसूल होत नाही, नंतरच्या पाच-सहा गुणांत होते. आकडेवारीच्या तक्त्यात याला रकाना नाही. तिथे दिसतं ते एवढंच की अल्काराझने विनर जास्त मारले आणि चुकाही जास्त केल्या. 'बेभरवशाचा खेळाडू' असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो, आणि तो चुकीचा आहे.

मातीची एक गंमत म्हणजे ती नोंद ठेवते. चेंडूचा ठसा राहतो. २०२५ मध्ये लाइनवर माणसं उभी करणारी रोलाँ गॅरोस ही एकमेव ग्रँड स्लॅम स्पर्धा उरली होती, आणि वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून ठसा बघायला जातात. पण पायांचे ठसेही राहतात, तिकडे कोणी बघत नाही. सेट संपल्यावर जाळी फिरवून कोर्ट साफ करतात. त्याच्या आधी कॅमेरा वरून कोर्ट दाखवतो तेव्हा घसरण्याच्या रेघा बघा. त्या बेसलाइनच्या आत आहेत की दोन मीटर मागे? एका कोपऱ्यात दाट आहेत की सगळीकडे पसरल्यात? कोण कुणाला पळवत होतं हे तिथे लिहिलेलं असतं.

आता त्या गेमकडे येऊ. चौथा सेट, सिनर ५-३ ने पुढे, अल्काराझची सर्व्हिस, ०-४०. विजेतेपदाचे तीन गुण सिनरच्या हातात.

थोडं गणित करू. अल्काराझ स्वतःच्या सर्व्हिसवर शंभरातले साठ गुण जिंकतो असं धरा. हा मोजलेला आकडा नाही, हिशोबासाठी घेतलाय. सलग तीन गुण वाचवण्याची शक्यता सुमारे २२ टक्के. तिथून ड्यूसनंतर गेम जिंकण्याची ६९ टक्के. दोन्ही मिळून १५ टक्के. एवढं करून फक्त ४-५ होतं. पुढच्या गेममध्ये सिनर विजेतेपदासाठी सर्व्हिस करणार. तोही साठ टक्के गुण जिंकत असेल तर त्याची सर्व्हिस भेदण्याची शक्यता २६ टक्के. एकत्र धरलं तर ४ टक्के. मग उरलेला सेट आणि पाचवा सेट, दोन्ही निम्मेनिम्मे धरा. हाती राहतो शंभरात एक.

हाच हिशोब वेगवान कोर्टचा करून बघा, जिथे सर्व्हिस करणारा शंभरात सत्तर गुण जिंकतो. ०-४० वरून गेम वाचवण्याची शक्यता १५ वरून २९ टक्क्यांवर जाते, जवळजवळ दुप्पट. पण पुढच्या गेममध्ये समोरच्याची सर्व्हिस भेदण्याची शक्यता २६ वरून १० वर येते. म्हणजे मातीने अल्काराझकडून सर्व्हिसचा आसरा काढून घेतला आणि पाच मिनिटांनी तोच सिनरकडूनही काढून घेतला. मातीवर पुढे असणारा कधीच पूर्ण सुरक्षित नसतो, यामागे हे साधं अंकगणित आहे. अल्काराझने तिन्ही गुण वाचवले, सिनरची सर्व्हिस भेदली, टायब्रेक ७-३ जिंकला.

यानंतर समालोचनात एकच शब्द ऐकू येत राहिला: मानसिक ताकद. मला हा शब्द आळशी वाटतो. जिंकलेल्याकडे ती होती आणि हरलेल्याकडे नव्हती, असं निकाल लागल्यावर म्हणणं सोपं आहे. पण पाचव्या सेटमध्ये काय झालं ते बघा. पहिल्याच गेममध्ये सिनरची सर्व्हिस गेली, तो सेटभर मागे होता, अल्काराझ ५-४ वर सामना जिंकायला सर्व्हिस करत होता. सिनरने तिथे त्याची सर्व्हिस भेदली. मन खचलेला माणूस हे करत नाही. आणि पाच आठवड्यांनी, १३ जुलैला, विम्बल्डनच्या फायनलमध्ये याच सिनरने याच अल्काराझला चार सेटमध्ये हरवलं. शेवटच्या टायब्रेकमध्ये अल्काराझ ७-० ने पुढे गेला ते त्या दहा मिनिटांत तो अफाट खेळला म्हणून. त्यावरून दोन माणसांच्या स्वभावाचा निवाडा करायची गरज नाही. तीन महिन्यांच्या बंदीनंतर परतलेल्या सिनरची ही फक्त दुसरी स्पर्धा होती, हेही या हिशोबात धरायला हवं.

तर श्रोत्याच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: एकोणचाळीस-चाळीस गेमपर्यंत सिनर चांगला खेळत होता. पूर्ण सामन्यात कोण, हे मी सांगणार नाही, कारण १९३ आणि १९२ मध्ये तेवढा फरकच नाही. जिंकलं कोण, याचं उत्तर मात्र स्वच्छ आहे.

हे सगळं आपल्याला कशाला हवं, असं कुणी म्हणेल. हवं, कारण आपण आपले खेळाडूही असेच आकड्यांवर जोखतो. सुमीत नागल हरियाणाचा, उंची जेमतेम १७८ सेंटिमीटर, सर्व्हिस साधारण. वेगवान कोर्टवर ती उणीव प्रत्येक गेममध्ये बोचते. मातीवर तिची किंमत कमी होते आणि पायांची, दमाची किंमत वाढते. एप्रिल २०२४ मध्ये मॉन्टे कार्लोला तो पात्रता फेरीतून वर आला आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या चाळिसात असलेल्या माटेओ अर्नाल्डीला त्याने ५-७, ६-२, ६-४ असं हरवलं. मातीवरच्या मास्टर्स स्पर्धेत मुख्य फेरीचा एकेरी सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीत होल्गर रुनकडून तो ३-६, ६-३, २-६ असा हरला, पण पहिल्या दहातल्या खेळाडूकडून एक सेट घेऊन. त्याच्या चॅलेंजर विजेतेपदांपैकी ही चार बघा: ब्युनॉस आयर्स, रोम, टाम्पेरे, हाइलब्रॉन. चारही लाल मातीवरची.

आणि आपल्याकडे? पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ एटीपीची स्पर्धा झाली, ती हार्ड कोर्टवर. इथे आखातातही बिल्डिंगखालचं किंवा क्लबमधलं कोर्ट बहुधा हार्डच असतं, कारण विटांच्या चुऱ्याला दिवसभर पाणी पाजावं लागतं आणि या उन्हात ते कोण करणार? त्यामुळे आपली मुलं लहानपणापासून शिकतात ते लवकर संपणारं टेनिस. जोरात सर्व्हिस, मग एक मोठा फोरहँड. सोळाव्या-सतराव्या वर्षी युरोपात जाऊन खेळायची वेळ आली की कळतं, तिथे तो फोरहँड परत येतो. आणि त्याच्यापुढचाही.