जाऊबाईंची गडवाट

गेल्या मे महिन्यात मंडणगडला गेले, तो थोरल्या जाऊबाई अंगणात रातांब्याची सोलं वाळत घालीत होत्या. तीही उजव्या हातानं! त्याच बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी मुंबईत झालेली. पुढं घरच्या मंडळींनी त्यांना कळशी सोडाच, केरसुणीही उचलू दिली नाही. प्रेमच ते, पण त्या प्रेमानं खांदा आखडला नि बाई खाटेला खिळल्या.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंतीवर बोटं चढवीत हात वर न्या नि रोज चाला," जाऊबाई म्हणाल्या. "आधी अंगण, मग बाजार, आता गडाची निम्मी वाट चढते. दम लागतो गं, पण थोडा लागायलाच हवा म्हणे!"

मला नवल वाटलं. श्रमांनी शरीरात प्राणवायूपासून उपद्रवी कण अधिक निपजतात, ते पेशींना इजा करतात, असं वाचलं होतं. खरं आहे, पण झेपेल इतका व्यायाम नेमानं केला, की त्यांचा बंदोबस्त करणारी विकरं शरीर स्वतःच वाढवतं. अँटिऑक्सिडंट म्हणून मिळणाऱ्या महागड्या गोळ्यांनी हे साधत नाही. केमोथेरपी चालू असताना तर त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नयेत.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानं स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांत योगाभ्यासाची पारख केली. २०२२ साली निष्कर्ष मांडले : योग करणाऱ्यांत रोग न उलटता जगण्यात तुलनेनं १५ टक्के सुधारणा.

सासूबाईंना मी हे सारं सांगितलं. "पुरे तुमचं शास्त्र!" त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी पहाटे दार उघडलं. जाऊबाईंच्या चपला जागेवर नव्हत्या; सासूबाईंच्याही नव्हत्या.