बांडगूळ, आमरी आणि ‘एअर प्लँट’

मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या वाटेने पावसाळ्यात जाणाऱ्यास आंबा, जांभूळ अशा वृक्षांच्या फांद्यांवर जाड, हिरव्या पानांचे झुबके दिसतात. ते काय आहे असे विचारल्यास पुष्कळदा एकच उत्तर मिळते : ‘बांडगूळ’. या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न वनस्पती येतात. खरे बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीत खुपसून आश्रयवृक्षाचे पाणी व क्षार ओढून घेते. आमरी मात्र सालीवर केवळ बसते. झाडाकडून ती आधाराखेरीज काही घेत नाही.

हा गोंधळ जुना आहे. अमरकोशात ‘वंदा’ या शब्दाचे पर्याय म्हणून ‘वृक्षादनी’ म्हणजे झाडाला खाणारी आणि ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर वाढणारी ही दोन्ही नावे शेजारीशेजारी येतात. पुढे विल्यम जोन्स याच्या १७९५ मधील लेखातून ‘वंदा’ हा शब्द पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात गेला व १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन याने आमरीच्या एका प्रजातीस ते नाव कायम केले. आजचा पारिभाषिक शब्द ‘अपिवनस्पती’ अधिक नेमका आहे. त्यातील ‘अपि’ व ग्रीक ‘एपि’ हे एकाच मुळाचे शब्द होत. ‘वर’ हा त्याचा अर्थ ‘अपिधान’ म्हणजे झाकण या शब्दात अजून दिसतो.

नाव चुकले की वागणूकही चुकते. बांडगूळ समजून निरुपद्रवी आमरी ओरबाडून टाकली जाते. हौसेने घरी आणलेली मातीच्या कुंडीत पुरली जाते आणि कुजते. आमरीच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाणी चटकन शोषते, पण त्यास लगेच हवाही लागते. माती ती हवाच तोडते.

रोपवाटिकांत ‘एअर प्लँट’ म्हणून मिळणाऱ्या टिलँडसियाच्या बाबतीत चूक नेमकी उलट होते. ही अमेरिका खंडातील, अननसाच्या कुलातील वनस्पती. हवेवर जगते असे नावच सांगत असल्याने तिला पाणी दिलेच जात नाही. वस्तुतः तिची मुळे मुख्यतः पकडीपुरती असतात. पाणी पानांवरील सूक्ष्म खवले घेतात. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा तिला वीस-तीस मिनिटे पाण्यात बुडवावे, नंतर उलटी धरून झटकावे, आणि तीन-चार तासांत ती सुकेल अशा वाऱ्याच्या जागी ठेवावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचले की गाभा सडतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळून साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. तांब्याच्या भांड्यात किंवा तारेवर ती कधीही ठेवू नये, कारण तांबे तिला मारक असते. (घरातील शोभेचा तांब्या येथे कामाचा नाही.) मुळशीच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की भिजवणे जवळजवळ थांबवावे लागते, तेव्हा खरी गरज वाऱ्याची असते.

सह्याद्रीतील आमरींचे चक्र निराळे आहे. डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पाने पावसाळ्यानंतर गळतात व उघड्या खोडांवर पांढरी फुले येतात. हे न जाणणारा माणूस झाड मेले असे समजून ते फेकतो, किंवा जगवण्यासाठी पाणी ओतून खरोखर मारतो.

ही झाडे रानातून आणू नयेत. ताम्हिणीचा बराच भाग २०१३ पासून अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथून परवानगीविना वनस्पती काढणे हा गुन्हा ठरतो. शिवाय ओढून काढताना आमरीची मुळे सालीलाच चिकटून राहतात, त्यामुळे घरी येते ते बहुधा मरणपंथास लागलेले झाड. रोपवाटिकेत वाढवलेले रोपच घ्यावे. ते पावसाळ्याच्या आरंभी खडबडीत सालीच्या लाकडावर सुती दोऱ्याने बांधावे. दोरा कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते.