पाणी ‘शेतीला योग्य’ असलं म्हणजे तिसऱ्यांनाही योग्य का?



पहिल्या पावसात खाजनात लाल पाणी शिरलं की दरवर्षी तोच प्रश्न येतो: मानशीतली सुंगटं खायची का, तिसऱ्या काढायच्या का? मग कुणीतरी पाण्याचा तपासणी अहवाल दाखवतो. त्यावर ‘सिंचनासाठी योग्य’ असं लिहिलेलं असतं आणि विषय तिथेच मिटतो. आमच्या मते तो तिथे मिटू नये.

खाजनात शेताचं पाणी आणि मासळीचं पाणी वेगळं नसतंच. भरतीचं पाणी मानशीतून आत, ओहोटीला बाहेर. डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूच्या खाणींच्या डंपांवरून पावसात धुपलेली माती मांडवी-जुवारीतून खाली येते. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे ही बारीक माती गुठळून तळाशी बसते. धातू तिलाच चिकटलेले असतात. म्हणजे पाणी वाहून जातं, गाळ आपल्याकडे राहतो.

लाल रंग लोखंडाचा. तो दिसतो म्हणून त्याची भीती वाटते, आणि शेताचं नुकसान तो करतोच: भाताची पानं तांबूस पडतात, गाळ वाळून जमीन कडक होते. पण शिसं, कॅडमियम आणि पारा पाण्यात असले तरी डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ पाण्यावर भरवसा ठेवायचा नाही तो याचसाठी.

आता त्या अहवालातला आकडा बघू. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची जी मापं वापरतात, त्यांत शिशाला लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. पाचशे पटींचा फरक! यात लबाडी नाही. शिसं मातीत घट्ट बसतं, दाण्यात फार कमी चढतं, आणि ती मर्यादा पिकाची वाढ बघून ठरवलेली आहे. पण तिसऱ्या, कालवं, शिनाणी म्हणजे पीक नव्हे. ती एका जागी बसून दिवसभर पाणी गाळतात आणि गाळातले धातू अंगात साठवतात. रात्रभर पाण्यात ठेवल्या की तिसऱ्यांची रेती निघते, उकळल्यावर जंतू मरतात. धातू मात्र यातल्या कशानेच जात नाही. माशात तो मांसापेक्षा कल्ले आणि काळजात जास्त जमतो, कुर्लीत आतल्या पिवळट-तपकिरी भागात. पाऱ्याचं वेगळं, तो मांसातच बसतो आणि मोठ्या शिकारी माशांत वाढत जातो.

याचा अर्थ आपली मासळी विषारी आहे असा नाही. कृपया तसं बाजारात पसरवू नका, पोट आपलंच आहे. मोजल्याशिवाय ‘चांगली’ही म्हणता येत नाही आणि ‘वाईट’ही, एवढंच.

शेतकरी बांधवांकडे मृदा आरोग्य पत्रिका असते, ती पुरेल का, असंही विचारतात. नाही पुरणार. तिच्यात १२ गोष्टी मोजतात. लोह, मँगनीज, जस्त, तांबं त्यात आहे. शिसं, कॅडमियम, पारा नाही. म्हणून तपासणी करून घेताना या तिघांची नावं अर्जात स्पष्ट लिहा, आणि नुसत्या पाण्याची बाटली देऊ नका. मानशीच्या आतला तळाचा गाळ आणि तिथल्याच तिसऱ्यांचं मांसही द्या. पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर, ओहोटी लागल्यावर घ्या. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, घरातली नको.

मानशीचा लिलाव घेणारे आणि शेत कसणारे यांनी हा खर्च मिळून केला तर बरं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम पाटाच्या पाण्यातून भातात गेलं आणि बायकांची हाडं मोडू लागली. सरकारने कारण मान्य केलं १९६८ साली, आणि शेतांची माती बदलायचं काम संपलं २०१२ साली.

थोडं आपल्याबद्दलही बोलायला हवं. होडीची जुनी बॅटरी खाडीकाठी फोडणं, जाळ्याची शिशाची वजनं तिथेच वितळवणं, खरवडलेला रंग पाण्यात ढकलणं, हे आपणच करतो. यंदा होडी वर काढाल तेव्हा खाली ताडपत्री घाला, खरवड गोणीत भरा. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्या, नवीन घेताना त्याचे पैसेही वळते होतात.